परमुलखातील ताट आणि हरवलेली भूक

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाले आणि पुण्याच्या उपनगरांत जर्मन कुटुंबांचा वावर वाढला. माझा दवाखाना अशाच एका उपनगरात आहे. येथे घरे ऐसपैस आहेत, रस्ते रुंद आहेत. पण या पाहुण्यांच्या सवयीचे अन्न मिळणे कठीण. वाणसामानाच्या मोठ्या दुकानात पास्ता, पाकीटबंद सूप आणि प्रक्रिया केलेले चीज मिळते. राय नावाच्या धान्याचा आंबूस, जड पाव मात्र क्वचितच दिसतो. तरुण मंडळी सुटीच्या दिवशी कोरेगाव पार्क गाठतात. घरातील वृद्धांनी काय करावे?

दोन वर्षांपूर्वी शहात्तर वर्षांच्या एका जर्मन आजींना त्यांची मराठी सून माझ्याकडे घेऊन आली. चार महिन्यांत आजींचे वजन ५८ किलोवरून ५३ वर आले होते. "डॉक्टर, मी रोज गरम पोळ्या करून वाढते, तिखटही घालत नाही. तरी दोन घास खाऊन त्या उठतात. माझ्या हातचे त्यांना गोड लागत नाही," असे सांगताना तिचा आवाज कापरा झाला. आजींचा दिवस बिस्किटे आणि दोन वेळच्या पाकीटबंद सूपवर निघत होता. रक्तदाबही वाढलेला होता.

उतारवयात वजन आपोआप घटू लागले, तर 'परक्या देशातले अन्न मानवत नसेल' असे म्हणून स्वस्थ बसू नये. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर तपासणी करावीच. आम्ही रक्त, साखर, थायरॉइड तपासले. कवळी सैल नाही ना, नैराश्य नाही ना, हेही पाहिले. गंभीर असे काही आढळले नाही. मग मी आजींना विचारले, "गावी संध्याकाळी काय जेवत होता?"

सुनेने प्रश्न जर्मनमध्ये सांगितला आणि आजी प्रथमच भरभरून बोलल्या. त्या पूर्व जर्मनीतील लाउझित्स भागातल्या. तेथे सालासकट उकडलेले बटाटे, त्यांवर क्वार्क नावाचा दुधाचा मऊ पदार्थ आणि वरून जवसाचे तेल, हे घरोघरचे जेवण. गरम जेवण दुपारी. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाव, चीज, काकडी असे थंड खाणे. आमच्याकडे मात्र मुलगा कामावरून परतल्यावर, रात्री नऊला पाने मांडली जात. तोवर आजींची भूक मरून जाई.

उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात होते. श्रीखंडासाठी आपण जो चक्का बांधतो, तो क्वार्कचा जवळचा भाऊ. बटाटे तर घरात होतेच. जवस विदर्भ-मराठवाड्यात चटणीसाठी घरोघरी असते. त्याचे खाण्याचे तेल सुनेने मिळवले. (रंगकामासाठी विकले जाणारे जवसाचे तेल कधीही पोटात जाऊ देऊ नये, खाण्याचे तेलही तापवू नये, वरून घ्यावे.) सहा वाजता आजींचे ताट वेगळे वाढले जाऊ लागले. नातू शेजारी बसू लागला. तीन महिन्यांत वजन दोन किलोंनी वाढले. सूप बंद झाल्यावर रक्तदाबही आटोक्यात आला.

या अनुभवातून काळजीवाहकांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकीटबंद सूप आणि प्रक्रिया केलेले चीज यांत मीठ पुष्कळ असते. पाव 'ब्राऊन' दिसला म्हणून तो कोंड्याचा असतोच असे नाही. वेष्टनावरील घटकांत पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो मैद्याचाच समजावा. मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत. दूध, चक्का, पनीर, अंडी, डाळी यांतून ती सहज मिळतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालक, मेथी यांचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा घटवू नये. आणि वजन उतरले की औषधांच्या मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्याव्यात.

हीच गोष्ट उलट दिशेनेही घडते. मुलांकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेच्या उपनगरात गेलेले आपले आईवडील गाडीवाचून दुकानापर्यंत पोहोचू शकत नाहीत. भाजणी नसते, ज्वारीचे पीठ लांब मिळते, आणि दिवसभर रिकाम्या घरात एकट्यानेच जेवावे लागते. तेही परत येतात ते वजन घटवून.

म्हणून घरातील वृद्ध जेवत नसतील, तर 'काय करून घालू?' एवढेच विचारू नका. किती वाजता, गरम की थंड, आणि कोणासोबत, हेही विचारा. त्या सुनेच्या हाताला चव होतीच. फक्त ताट तीन तास उशिरा येत होते.