पाकीट अडते कुठे?

तुम्ही कन्सोलवर इंटरनेटद्वारे फुटबॉलचा सामना खेळत आहात. समोर मोकळा गोल आहे. तुम्ही बटण दाबता, पण तुमचा खेळाडू क्षणभर पुतळ्यासारखा उभाच राहतो आणि तेवढ्यात प्रतिपक्ष चेंडू पळवतो. या विलंबाला मुले 'लॅग' म्हणतात. याच लॅगपायी आमच्या चिरंजीवांनी अधिक वेगाची, अर्थातच महागडी, जोडणी घेण्याचा हट्ट धरला होता. पैसे भरण्यापूर्वी थोडा हिशेब करून पाहू, असे मी त्याला म्हटले.

मालगाडी एका खेपेत हजारो पोती नेते; पण एक चिठ्ठी तातडीने पोचवायची असेल तर तिचा काय उपयोग? इंटरनेटचा 'वेग' म्हणून जो आकडा सांगतात तो पोत्यांचा. खेळाला हवी असते चिठ्ठीची तत्परता. समजा, कन्सोल सेकंदाला 200 बाइटची 60 पाकिटे पाठवतो. हे झाले 96,000 बिट, म्हणजे एका मेगाबिटचा दहावा भागही नाही! मग पाकीट अडते कुठे?

काही वेळ प्रवासात जातो. काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.5, म्हणून प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासूनचे सरळ अंतर सुमारे 3,900 किलोमीटर. जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद झाले. केबल वळणे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो. तो पैसे भरून कमी होत नाही; जवळचा सर्व्हर निवडता आला तर मात्र होतो.

खरी गंमत घरातच आहे. समजा, तुमच्या जोडणीचा अपलोडचा वेग सेकंदाला 1 मेगाबिट आहे आणि त्याच वेळी ताईचा फोन छायाचित्रे वर पाठवतो आहे. त्याचे 1,500 बाइटचे एक पाकीट बाहेर पडायला 12 मिलिसेकंद लागतात. अशी 50 पाकिटे पुढे उभी असतील तर तुमच्या इवल्याशा पाकिटाला 600 मिलिसेकंद ताटकळावे लागेल. सिंगापूरच्या फेरीपेक्षा दारातली रांग पंधरा पट लांब!

इतकी रांग लागू का देतात? पाकीट हरवू नये म्हणून मोडेमात भरपूर स्मृती ठेवलेली असते. पाठवणारा मात्र बहुधा पाकीट हरवले तरच हात आखडतो. हरवतच नाही, म्हणून तो पाठवत राहतो. जिम गेटिस यांना 2010 मध्ये स्वतःच्या घरी हाच अनुभव आला. त्यांनी या दोषाला 'बफरब्लोट' नाव दिले. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही युक्ती मांडली. रांगेतला थांबा सतत 5 मिलिसेकंदांपेक्षा अधिक राहू लागला की ती मुद्दाम एखादे पाकीट टाकून देते. पाठवणारा इशारा समजतो.

काही राउटरांत ही सोय 'एसक्यूएम' नावाने असते. तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्के ठेवावी. वेग मुद्दाम कमी करायचा, हे विचित्र वाटेल. पण त्यामुळे रांग मोडेमात न लागता राउटरात लागते, आणि तिथे शिस्त आपली चालते. सोय नसेल तर खेळताना मोठे अपलोड थांबवा, कन्सोलचे स्वतःचे डाउनलोडही. शक्य असेल तर कन्सोल तारेने जोडा. वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, आणि 2.4 गिगाहर्ट्झवर मायक्रोवेव्ह भट्टीही गोंगाट करते.

घरी प्रयोग करा. संगणकावर 'पिंग' ही आज्ञा द्या. माइक मूस यांनी ती 1983 मध्ये लिहिली. नाव सोनारच्या आवाजावरून घेतले. पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते ती सांगते. आकडे टिपून घ्या, मग फोनवरून मोठी चित्रफीत वर पाठवायला लावून पुन्हा टिपा.

आमच्याकडे आकडा 45 वरून 700 च्या वर गेला. ताईचा फोन रोज रात्री नऊला छायाचित्रे वर चढवत होता, आणि चिरंजीवांचे सामनेही नऊचेच. आता फोनचे ते काम पहाटे दोनला चालते. नव्या जोडणीचा अर्ज खणात पडून आहे.