वर्षं भराभर का सरतात?

साठीनंतर ‘आत्ता तर गणपती गेले, लगेच दिवाळी आलीसुद्धा?’ असं वाटू लागतं. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी एकोणिसाव्या शतकात याचा हिशेब मांडला: दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, साठीच्या माणसाला साठावा. मला मात्र मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचं १८९० मधलं स्पष्टीकरण अधिक पटतं. लहानपणी रोज काही नवं घडतं, आठवणी दाट साठतात. पुढे दिवस सवयीचे होतात आणि मनात त्यांची वेगळी नोंदच राहत नाही. मागे वळून पाहिलं की अशी वर्षं आक्रसलेली दिसतात.

म्हणून रोजच्या साध्या क्षणांकडेही लक्ष देणं महत्त्वाचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेड ब्रायंट यांनी सुखद क्षण मनापासून अनुभवण्याच्या क्षमतेचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. असा आनंद कुणाला तरी सांगणं हाही तो अनुभवण्याचाच एक मार्ग. मटार सोलताना टीव्ही बंद ठेवून बघा. शेंग दाबली की होणारा बारीक आवाज, बोटांना लागलेला हिरवा वास, मधेच तोंडात टाकलेला गोड दाणा, सगळं जाणवतं. नातवंड शेजारी असेल तर त्यालाही सोलू द्या, कितीही वेळ लागो.