थकतात ते पाय की मेंदू? लांब पल्ल्याच्या सायकलिंगमागचे विज्ञान

टार्निट (मेलबर्न) : मेलबर्न शहराच्या मध्यापासून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर वसलेले टार्निट हे उपनगर सायकलस्वाराला प्रथमदर्शनी सोपे वाटते. लाव्हारसाने घडलेले हे सपाट मैदान आहे. येथे घाट नाही, दम काढणारा चढ नाही. जवळच वेरिबी नदीकाठची वाट आहे आणि वेरिबीपासून ब्रुकलिनपर्यंत जुन्या मलवाहिनीच्या कडेने जाणारा फेडरेशन ट्रेलही आहे. मात्र या मैदानावर घाटाची उणीव वारा भरून काढतो. जाताना पाठीशी असलेला वारा परतताना छातीवर येतो आणि मागच्या शनिवारी सहज कापलेले साठ किलोमीटर या शनिवारी संपता संपत नाहीत.

सायकल तीच, रस्ता तोच आणि पायही तेच असताना हा फरक कोठून येतो? ‘सराव कमी पडला’ किंवा ‘वय झाले’ ही नेहमीची उत्तरे आहेत. गेल्या काही दशकांतील क्रीडाविज्ञान मात्र वेगळे उत्तर देते. थकवा म्हणजे केवळ स्नायूंची शक्ती संपणे नव्हे. इंधन, उष्णता, झोप आणि मनावरचा ताण यांचा एकत्रित हिशेब मेंदू सतत मांडत असतो आणि त्या हिशेबाचे उत्तर आपल्याला थकवा म्हणून जाणवते.

चार डॉक्टर आणि एक शर्यत

हा हिशेब किती ताणता येतो, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथे सुरू होते आणि २०२३ पर्यंत ती मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस येथे संपत असे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. येथे टप्पे नसतात आणि रात्रीची सक्तीची विश्रांतीही नसते. घड्याळ अखंड चालू राहते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघगटात ही शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिक येथे कार्यरत असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यापाठोपाठ काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही अंतिम रेषा गाठली.

एकट्याने धावणाऱ्या स्पर्धकाला साधारण बारा दिवसांची मुदत असते. म्हणजे रोज सरासरी ४०० किलोमीटर, तेही वाळवंट, रॉकी पर्वत आणि मध्य अमेरिकेतील वाऱ्याची मैदाने ओलांडत. एवढ्या अंतरात केवळ मांड्यांचे बळ पुरत नाही. हे चारही जण डॉक्टर होते, हा योगायोग असेल. पण कधी खायचे, कधी झोपायचे आणि कधी थांबायचे हे ठरवणे येथे पायंडल मारण्याइतकेच महत्त्वाचे असते.

इंधनाची टाकी

थकव्याचे सर्वांत जुने आणि भक्कम स्पष्टीकरण इंधनाचे आहे. आपण खाल्लेली कर्बोदके शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. हा साठा मर्यादित असतो. सर्वसाधारणपणे स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास. चरबीचा साठा त्या मानाने प्रचंड असतो, पण तिच्यापासून ऊर्जा संथपणे मिळते. त्यामुळे वेग वाढला की शरीराला ग्लायकोजेनकडेच वळावे लागते.

१९६७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी याचा प्रत्यक्ष पुरावा दिला. सुईने स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून त्यातील ग्लायकोजेन मोजण्याची पद्धत तेव्हा नुकतीच रुळली होती. काही दिवस कर्बोदके वगळून आहार घेतलेले लोक ठरावीक तीव्रतेने सरासरी ५७ मिनिटे सायकल चालवू शकले. मिश्र आहारावर हा काळ ११४ मिनिटे झाला आणि भरपूर कर्बोदकांच्या आहारावर १६७ मिनिटे. माणसे तीच होती. ताटातले बदलले आणि टिकाव जवळपास तिप्पट झाला.

१९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथे सात प्रशिक्षित सायकलस्वारांवर पुढचा प्रयोग झाला. नुसते चवदार पाणी पिणारे सुमारे तीन तासांत थकले. तेच सायकलस्वार वाटेत कर्बोदके घेत राहिले तेव्हा चार तास टिकले. आज लांब फेरीसाठी ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सल्ला दिला जातो. अडीच-तीन तासांपेक्षा मोठ्या आणि वेगवान फेरीत हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते, मात्र त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत, कारण आतड्यांतून त्यांचे शोषण वेगवेगळ्या मार्गांनी होते. आपली साधी साखर ही या दोहोंचीच जोडी आहे. त्यामुळे महागड्या जेलच्या पुड्या नसल्या तरी साखर-मिठाचे लिंबू सरबत, खजूर आणि केळी यांवर बरेच काम भागते. पोटालाही याची सवय लावावी लागते. शर्यतीच्या दिवशी पहिला प्रयोग करू नये.

नुसती चूळ भरली आणि वेग वाढला

थकवा म्हणजे केवळ रिकामी टाकी असती, तर गोष्ट येथेच संपली असती. पण २००४ मध्ये ब्रिटनमधील एका प्रयोगाने वेगळाच प्रश्न उभा केला. नऊ सायकलस्वारांना सुमारे तासाभराचे काम शक्य तितक्या लवकर संपवायचे होते. त्यांना मधूनमधून कर्बोदकांचे बेचव द्रावण तोंडात घोळवून थुंकून टाकायला सांगितले. एक थेंबही पोटात गेला नाही, तरी त्यांची कामगिरी जवळपास तीन टक्क्यांनी सुधारली. त्याच संशोधकांनी याआधी शिरेतून थेट रक्तात ग्लुकोज सोडून पाहिले होते. त्याने काहीच फरक पडला नव्हता.

याचा अर्थ असा, की तोंडातील संवेदक कर्बोदके ओळखतात आणि ‘रसद येत आहे’ असा निरोप मेंदूला देतात. मेंदू मग हात थोडा सैल सोडतो. हा परिणाम प्रामुख्याने तासाभराच्या तीव्र श्रमात आणि उपाशीपोटी अधिक दिसतो. पाच तासांच्या फेरीत चूळ पुरत नाही, तेथे खावेच लागते. पण स्नायूंत इंधन शिल्लक असतानाही मेंदू वेगाला लगाम घालत असतो, हे यातून स्पष्ट झाले.

कार्यालयातला शीण रस्त्यावर

मराठीत ‘दमणे’ आणि ‘शिणणे’ यांत फरक केला जातो. दम छातीचा, शीण मात्र अंगाला येतो, डोळ्यांना येतो आणि मनालाही येतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या थकव्यावरील ग्रंथात नेमके हेच नोंदवले होते. दीर्घ बौद्धिक कामानंतर प्राध्यापकांच्या बोटाच्या स्नायूंची ताकद घटलेली त्यांना आढळली.

या निरीक्षणाची आधुनिक कसोटी २००९ मध्ये लागली. सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जणांना एकदा ९० मिनिटे संगणकावरचे लक्ष गुंतवून ठेवणारे कंटाळवाणे काम दिले आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. नंतर दोन्ही वेळा ठरावीक ताकदीने पायंडल मारायला लावले. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, तर संगणकावरील कामानंतर ६४० सेकंदच. हृदय आणि स्नायू यांच्या मोजमापांत या घसरणीचे कारण सापडले नाही. बदलली होती ती श्रमाची जाणीव. तेच काम त्यांना सुरुवातीपासूनच अधिक जड वाटत होते.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यात आणखी भर घातली. अकरा व्यावसायिक आणि नऊ हौशी सायकलस्वारांना अर्धा तास मेंदू शिणवणारी चाचणी देऊन नंतर वीस मिनिटे सायकल चालवायला सांगितले. हौशी सायकलस्वारांची कामगिरी घसरली. व्यावसायिकांवर फारसा परिणाम झाला नाही. हे बळ त्यांना जन्मजात लाभले की सरावाने, याचे उत्तर या प्रयोगातून मिळत नाही. शिवाय असे प्रयोग मोजक्या लोकांवर होतात आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात हा परिणाम तितकाच ठळक दिसलेला नाही. तरीही टार्निटहून शहरात रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराने यातून एवढे घ्यावे : दिवसभर बैठका आणि संगणकात घालवल्यावर संध्याकाळी वेग कमी दिसला, तर तंदुरुस्ती घटली असा निष्कर्ष लगेच काढू नये.

उष्णतेची लक्ष्मणरेषा

मेंदूचा हा लगाम नेहमीच झुगारून द्यावा असा नसतो. सायकलस्वाराने खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्केच चाकापर्यंत पोचते. उरलेली उष्णता होते. पायंडलवर २०० वॅट लावणाऱ्याचे शरीर त्याच वेळी सहाशे ते आठशे वॅट उष्णता निर्माण करत असते. एवढी उष्णता घाम आणि वारा यांनीच बाहेर टाकायची असते.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात सायकलस्वारांना उष्ण खोलीत सायकल चालवायला लावले. सुरुवातीला त्यांच्या शरीराचे आतील तापमान कधी ३६, कधी ३७, तर कधी ३८ अंशांच्या आसपास ठेवले होते. ते अनुक्रमे ६३, ४६ आणि २८ मिनिटे टिकले. वेळ वेगळी, पण थांबण्याचा क्षण एकच : आतील तापमान सुमारे ४० अंशांना पोचले तेव्हा. म्हणूनच ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमधील संशोधकांनी उष्ण हवेतील शर्यतीपूर्वी बर्फाचा चुरा असलेले पेय आणि बर्फगार टॉवेल वापरून शरीर आधीच थंड करण्याची पद्धत तपासली आणि तिचा लाभ दिसून आला.

मेलबर्नच्या उन्हाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पारा चाळिशी ओलांडतो. विदर्भात वाढलेल्या माणसाला त्याचे अप्रूप नसते. पण उष्णतेची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते तशीच काही आठवड्यांत सुटतेही. नागपूरचा जुना उन्हाळा टार्निटमध्ये कामी येत नाही. डोके गरगरणे, थंडी वाजल्यासारखे होणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच थांबून सावली गाठावी आणि अंगावर पाणी ओतावे. तेथे जिद्द दाखवणे जिवावर बेतू शकते.

न झोपलेला सायकलस्वार

१९८१ मधील एका प्रयोगात ३६ तास न झोपलेल्या व्यक्तींचा दीर्घ श्रमातील टिकाव ११ टक्क्यांनी घटला. हृदयाचे ठोके जवळपास तेच होते, श्रम मात्र अधिक वाटत होते. अमेरिका ओलांडणाऱ्या शर्यतीत अनेक स्पर्धकांना शेवटच्या दिवसांत भास होतात. त्यांच्यामागे सतत मदतीची गाडी असते ती याचसाठी.

सामान्य सायकलस्वारामागे अशी गाडी नसते. अ‍ॅडलेड येथील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सलग १७ तास जागे राहिल्यावर हात आणि नजर यांचा मेळ रक्तातील ०.०५ टक्के मद्याच्या पातळीइतका बिघडतो. व्हिक्टोरिया राज्यात पूर्ण परवानाधारक वाहनचालकासाठी हीच कायदेशीर मर्यादा आहे. रात्रपाळी संपवून थेट सायकलवर बसणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. शेजारून मालमोटारी जात असताना अर्ध्या सेकंदाचा उशीरही महाग पडतो.

टिकावाचे नवे मोजमाप

आजवर सायकलस्वाराची क्षमता प्रयोगशाळेत ताज्या पायांनी मोजली जात असे. २०२१ मध्ये न्यूझीलंडमधील एड मॉन्डर आणि सहकाऱ्यांनी ‘टिकाऊपणा’ हा स्वतंत्र गुण मोजण्याचा आग्रह धरला. दोन तासांच्या श्रमानंतर ताज्या क्षमतेपैकी किती उरते, हा त्यातला प्रश्न. सारख्याच क्षमतेच्या दोन व्यक्तींत ही घसरण बरीच वेगळी असू शकते.

हे ढोबळमानाने घरच्या घरीही तपासता येते. लांब फेरीच्या पहिल्या आणि शेवटच्या तासात सारख्याच ताकदीने, किंवा वारा नसताना सारख्याच वेगाने, पायंडल मारताना हृदयाचे ठोके किती वाढले ते पाहावे. सोबत चार गोष्टी टिपाव्यात : आदल्या रात्रीची झोप, वाटेतले खाणे, त्या दिवशीचे तापमान आणि कामाचा ताण. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींतून मागच्या आणि या शनिवारमधला फरक बहुधा समजू लागतो. आणि रात्रपाळीनंतरची सकाळ असेल, तर सायकल भिंतीला टेकवून आधी झोप घ्यावी. फेडरेशन ट्रेल दुपारीही तेथेच असतो.