हेड उघडण्याआधी

मोटरसायकलच्या इंजिनात सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. गॅरेजमध्ये त्याला हेड पॅकिंग म्हणतात. जळत्या वायूचा दाब आत कोंडून ठेवणे हे त्याचे पहिले काम. बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांत हेडमध्ये तेल जाण्यायेण्याच्या वाटाही या सांध्यातूनच जातात, आणि त्या बंदिस्त ठेवण्याचे काम गॅस्केटच करते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होते, हेडचे नट सैल पडतात, किंवा इंजिन अति तापून हेडच किंचित वाकते. मग गळती सुरू होते.

पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत अशा वेळी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तेल दुधाळ होते. १९८५ साली बाजारात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० किंवा यामाहा आरएक्स १०० यांसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांत यातले काहीच दिसत नाही. तिथे गळतीची खूण इंजिनाच्या रचनेवर ठरते. आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे. तिच्या हेडमध्ये ना व्हॉल्व्ह, ना तेलाची वाट. त्यामुळे गॅस्केट गेले की सांध्यातून जळका वायू निसटतो आणि फिन्सवर काळा तेलकट पट्टा उमटतो. सीडी १०० मध्ये कॅमशाफ्ट हेडमध्ये असल्याने टायमिंग चेनचा बोगदा आणि तेलाची वाट दोन्ही गॅस्केटमधून जातात, म्हणून स्वच्छ तेलही पाझरू शकते. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये रॉकरना तेल बाहेरच्या नळीतून मिळते, पण परत खाली येताना ते पुशरॉडच्या वाटांनी उतरते. तिच्या उजव्या बाजूचा ओलावा त्यामुळे विशेष पाहावा लागतो.

मात्र इंजिन तेलकट दिसले म्हणजे हेड गॅस्केट गेले, असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. टॅपेट कव्हरची रबर रिंग, रॉकर कव्हर किंवा तेलाच्या नळीचा जोड गळत असला तरी तेल ओघळून त्याच सांध्यावर येते, आणि धावत्या गाडीत वारा ते मागे पसरवतो. म्हणून थंड इंजिन केरोसीन आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडे करावे, सांध्यावर व त्याच्या वरच्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि इंजिन तापेपर्यंत जागेवरच चालवावे. पावडर सर्वांत वर जिथे आधी ओली होते, तिथेच गळतीचे मूळ असते. वायू निसटत असल्याचा संशय असेल तर थंड इंजिनाच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून किक मारावी. बुडबुडे आले की शंका उरत नाही. चढावर जोर दिल्यावर हेडपाशी होणारा, वेगाबरोबर वाढणारा ‘चिट्‌ चिट्‌’ आवाजही याच गळतीचा असू शकतो. पण सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे जोडतो तिथला सांधा फुटला तरी हुबेहूब तसाच आवाज येतो, म्हणून तो आधी तपासावा.

गळती बाहेर दिसत नसेल आणि गाडीची ओढ मात्र गेली असेल, तर कॉम्प्रेशन मोजावे लागते. इंजिन गरम, इग्निशन बंद आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, कॉम्प्रेशन गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारतात. आकडा मॅन्युअलमधल्यापेक्षा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आता आकडा स्पष्ट वाढला तर दोष पिस्टन रिंगचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

या दोघांतला निवाडा हवेने होतो. कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पिस्टन अगदी वर आणतात, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक घट्ट धरतात आणि प्लगच्या जागी कॉम्प्रेसरची हवा सोडतात. सुस्कारा कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सांध्यातून आला तर गॅस्केट. तेल भरण्याच्या तोंडातून आला तर बहुतेक जण लगेच रिंगवर बोट ठेवतात. सीडी १०० सारख्या इंजिनात इथेच फसगत होते: गॅस्केट चेनच्या बोगद्याच्या बाजूला फुटले असेल, तरी हवा बोगद्यातून खाली उतरून त्याच तोंडातून बाहेर पडते. त्यामुळे तेल सोडूनही कॉम्प्रेशन वाढलेले नसेल, तर हा सुस्कारा रिंगचा नव्हे, गॅस्केटचा समजावा.

एवढे झाल्यावरही आधी हेडचे नट तपासावेत. थंड इंजिनावर, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या मापापर्यंतच. अंदाजाने जोर लावला तर जुन्या ॲल्युमिनियममधले आटे उपटून येतात आणि किरकोळ गळतीचे मोठे काम होऊन बसते.

हेड उघडलेच तर जुने गॅस्केट फेकण्यापूर्वी नीट पाहावे. सिलिंडरच्या कडेपासून बाहेरपर्यंत किंवा बोगद्यापर्यंत गेलेली काजळीची रेघ म्हणजे वायूची वाट. तिथेच हेडवर सरळ पट्टी धरून फीलर गेज सरकवावा. ०.०५ मिलिमीटरची पातीही आत शिरत असेल, तर मॅन्युअलमधली मर्यादा पाहून हेड घासून सपाट करावे लागते, नाहीतर नवे गॅस्केटही लवकरच गळते. नवे गॅस्केट मूळ जाडीचेच हवे, कारण जाडी बदलली की कॉम्प्रेशन बदलते. बसवताना दोन्ही पृष्ठभाग तेल आणि जुन्या पॅकिंगच्या तुकड्यांपासून मोकळे करावेत, आणि नट एकदम न आवळता दोन-तीन टप्प्यांत आवळावेत.