उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट कसा शोधाल?

अडीच वर्षांचं मूल, आणि तोंडात जेमतेम तीन-चार शब्द. सोबत आलेली आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला." वेखंड उगाळून जिभेवर लावून झालेलं असतं. जीभ चिकटलेली आहे का, हेही बघायला सांगतात. ओपीडीत हे मी वरचेवर पाहतो. वेखंडाने बोलणं येत नाही, आणि चिकटलेल्या जिभेमुळे काही उच्चार अडले तरी मूल मुळात बोलायचंच थांबत नाही.

थांबून बघायलाही मर्यादा हवी. दीड वर्षाच्या आसपास एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडता येत नाहीत, किंवा आधी येणारे शब्द बंद झाले, तर तपासणी करून घ्या. शब्द हरवणं कोणत्याही वयात गंभीर समजा. घरी सिंधी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी हे उल्हासनगरात नेहमीचं आहे. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही, त्यामुळे घरची भाषा सोडू नका.

सर्वात आधी कानाची तपासणी. नावाला वळून बघतं म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. थोडं कमी ऐकणारं मूलही मोठ्या आवाजाला वळतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा ऑडिओलॉजिस्टकडे ओएई, गरज पडल्यास बेरा तपासणी होते. ऐकू कमी येत असेल तर त्यावर उपाय न करता थेरपी सुरू करणं म्हणजे पैसे वाया.

आता थेरपिस्ट. भारतात हा व्यवसाय भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, १९९२ च्या कायद्याखाली येतो. बीएएसएलपी ही पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची असते, त्यावर एमएएसएलपी. एक वर्षाची डिप्लोमाही आहे, पण ती घेतलेल्या व्यक्तीने पदवीधराच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. पाटीवर नुसतं 'स्पीच थेरपी' लिहिलं असेल, तर पदवी आणि आरसीआय नोंदणी क्रमांक विचारा. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी पाहता येते. नोंदणीचं ठराविक काळाने नूतनीकरण करावं लागतं, म्हणून मुदतही बघा. विचारायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण माझी नोंदणी तुम्ही विचारलीत तर मी रागावणार नाही. तेही रागावू नयेत. आम्हा एमबीबीएस डॉक्टरांना, आणि श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानदाराला, स्पीच थेरपी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

शोध कुठून सुरू कराल? मूल अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं. सेविकेला विचारून ठेवा. हे पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. खात्रीचा तज्ज्ञ जवळ मिळाला नाही, तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय आहे. दोन्हीकडे हा अभ्यासक्रम शिकवला जातो. बदलापूरहून दादरला गाडी बदलून मूल कडेवर घेऊन जाणं सोपं नाही, आणि दर आठवड्याला तर नाहीच. म्हणून मोठ्या संस्थेत एकदा पूर्ण तपासणी आणि लेखी अहवाल घ्या, मग नियमित सेशन जवळच्या नोंदणीकृत व्यक्तीकडे ठेवा. अधूनमधून व्हिडिओ कॉलवरही चालतं, पण लहान मुलाला पहिल्यांदा प्रत्यक्षच दाखवा.

पहिल्या भेटीत दोन गोष्टी बघा. पालकांना आत बसू देतात का, आणि घरी काय करायचं ते शिकवतात का. आठवड्यातली पाऊण तासाची सेशन एकटी पुरत नाही. जेवताना, आंघोळ घालताना तुम्हीच बोलणार असता. "तीन महिन्यांत बोलायला लावतो" अशी हमी कुणी दिली, तर तिथून निघा.

घरातल्या मोठ्या माणसाला लकव्यानंतर बोलता येत नसेल, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तरी हाच तज्ज्ञ लागतो. अचानक बोबडी वळली किंवा तोंड वाकडं झालं, तर मात्र थेरपिस्ट शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.