प्राध्यापकीचं पहिलं वर्ष (लेखांक ४) : एका तासासाठी तयारी किती?

गेल्या आठवड्यात आपण वर्कलोड पाहिला. एआयसीटीईच्या निकषांनुसार सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. समजा, त्यातले ८ तास थिअरीचे आणि ८ प्रॅक्टिकलचे. थिअरीच्या एकेका तासासाठी तुम्ही पाच तास बसलात, तर नुसत्या तयारीतच ४० तास जातात. कोर्स फाइल, सीओ-पीओ मॅपिंग, नॅकचे कागद, जर्नल तपासणं हे सगळं मग रात्रीवर जातं आणि संशोधन दिवाळीच्या सुट्टीवर. नव्या प्राध्यापकाची दमछाक होते ती मुख्यतः इथे, म्हणून आजचा लेखांक फक्त तयारीबद्दल.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. बहुतेकांना शिकवण्याचा आणि संशोधनाचा सूर सापडायला काही वर्षं लागत होती. मोजक्या काही जणांना मात्र तो एक-दोन वर्षांतच सापडला. या मोजक्यांचं वेगळेपण बुद्धीत किंवा कष्टांत नव्हतं. एका तासाच्या व्याख्यानासाठी ते साधारण दोन तासांपेक्षा जास्त तयारी करत नसत, लेखनाला आठवड्यातून थोडा थोडा पण नियमित वेळ देत आणि सहकाऱ्यांशी आवर्जून बोलत. केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक रिचर्ड फेल्डर यांनी हीच निरीक्षणं पुढे अभियांत्रिकीच्या असंख्य नव्या शिक्षकांपर्यंत पोचवली.

दोन तासांची मर्यादा ऐकली की पोटात गोळा येतो. विषय पहिल्यांदाच मिळालेला, तोही एचओडींनी सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात दिलेला. वर्गात कुणी अडवलं तर? ही भीती खरी आहे. पहिल्या वेळी तीन तास लागले तर लागू द्या, पण मर्यादा आधी ठरवा. उत्तर येत नसेल तर 'उद्या पाहून सांगतो' म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगा. मुलं त्याने मान कमी करत नाहीत. न विसरता सांगितलेल्या उत्तराने तो वाढतो.

जास्त तयारीचं खरं नुकसान वर्गातच दिसतं. पाच तास बसून साठ स्लाइड्स केल्या की त्या संपवायच्याच असतात. मग वेग वाढतो, प्रश्नाला जागा उरत नाही आणि मागच्या बाकांवर मोबाइल निघतात. त्यापेक्षा तयारीतला अर्धा तास दोन चांगले प्रश्न शोधण्यात घालवावा.

इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधली भिंतीला टेकवलेली शिडी घ्या. घर्षणाचं हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलं की सगळे उतरवून घेतात आणि सगळ्यांना समजल्यासारखं वाटतं. त्याऐवजी चित्र काढा, भिंत गुळगुळीत आहे असं सांगा आणि दोन मिनिटांत प्रत्येकाला वहीत फ्री बॉडी डायग्राम काढायला लावा. बाकांमधून फिरलात तर दिसेल की भिंतीची प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी शिडीच्या दिशेने दाखवली आहे. ती भिंतीला लंब हवी. मग उलटं विचारा : जमीन गुळगुळीत आणि भिंत खरखरीत असेल, तर शिडी उभी राहील का? शेजाऱ्याशी बोलून ठरवा. वर्गात गलका होईल, होऊ द्या. 'भिंतीचं घर्षण वर धरून ठेवेल' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ निघतील. तेवढ्यात कुणीतरी म्हणेल की भिंत शिडीला आडवी ढकलते, तर त्याला तोलणारं आडवं बल आहे कुठे? जमिनीवर घर्षण नाही, म्हणजे भिंतीची प्रतिक्रिया शून्य. ती शून्य म्हणून भिंतीचं घर्षणही शून्य. शिडी घसरणारच. या दहा मिनिटांसाठी एकही स्लाइड लागली नाही, आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते तुम्हाला परीक्षेच्या आधी कळलं.

हा वेळेचा अपव्यय आहे, सिलॅबस कसा पूर्ण होणार, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेलच. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. बॅकलॉगचं ओझं वाहणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता साहित्य. सगळं स्वतः शून्यातून लिहायचा अट्टहास सोडा. तोच विषय आधी शिकवलेल्या सरांकडे किंवा मॅडमकडे नोट्स, जुने प्रश्नसंच, असाइनमेंट्स मागा. संकोच वाटतो, पण बहुतेक जण आनंदाने देतात आणि बरोबर 'या टॉपिकला मुलं अडकतात' हेही सांगतात, जे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. एनपीटीईएलवरची व्याख्यानं आणि उदाहरणं आहेतच. जमलं तर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच त्या सरांच्या किंवा मॅडमच्या एका तासाला परवानगी घेऊन मागे जाऊन बसा.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना हे सगळं दुपटीने लागू आहे. त्यांना मोबदला मिळतो तो शिकवलेल्या तासाचा. घरी जागवलेल्या रात्रींचा हिशेब कुणीच ठेवत नाही. ही व्यवस्था अन्यायाची आहे आणि ती बदलली पाहिजे. तोवर त्यांनी आपले तास आपणच राखावेत.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलकडे वळू : वीस जणांच्या बॅचमध्ये चौघंच सेटअपला हात लावतात आणि बाकीचे रीडिंग उतरवतात, तिथे काय करता येईल?