सुकलेली फुले का खुडावीत ?

आपल्या समुद्रपूर तालुक्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या आरंभी लावलेला झेंडू दसऱ्याच्या सुमारास बहरास येतो. तेथून दिवाळी अवघी 20 दिवसांवर. परंतु कित्येकांच्या अंगणात तेवढ्या अवधीत बहर ओसरतो आणि दिवाळीच्या तोरणास फुले विकत आणावी लागतात. अशा वेळी दोष बहुधा जमिनीस दिला जातो. वास्तविक फुले झाडावरच सुकू दिली, हेच पुष्कळदा त्याचे कारण असते.

फूल ही आपणांस शोभेची वस्तू वाटते. झाडाला मात्र ते बीजनिर्मितीचे साधन होय. बी धरू लागले म्हणजे झाडाचे पुष्कळसे अन्न तिकडे वळते, व वाढत्या बीजांतून निघणारी द्रव्ये नव्या फुलोऱ्यास अटकाव करतात. झेंडू हे तर एकाच हंगामाचे झाड; बी पिकले की त्याचे जीवितकार्य संपले. म्हणून बी धरण्यापूर्वीच मावळते फूल काढून टाकले, तर ते पुन्हा कळ्या धरते. हा नियम आपल्या शेतकऱ्यांस नवा नाही. भेंडी दिवसाआड तोडली तर झाड फळत राहते. जून होऊ दिली तर फळणे मंदावते.

आता खुडण्याची रीत पाहू. नुसत्या पाकळ्या उपटून उपयोग नाही, कारण बी त्यांच्या खालील हिरव्या पेल्यात असते. यास्तव फूल देठासह, खालच्या निरोगी पानाच्या किंचित वर खुडावे. त्या पानाच्या बगलेतील डोळा फुटून नवी फांदी येते. गुलाबास धारदार कात्री लावावी व बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरपा काप घ्यावा. सदाफुली व जास्वंद यांची फुले आपोआप गळतात. तेथे ही खटपट फारशी लागत नाही.

मात्र एक गोष्ट विसरू नये. सर्वच फुले खुडली, तर पुढील वर्षाचे बियाणे कोठून येणार ? म्हणून सर्वांत निकोप झाडावरील चार मोठी फुले प्रारंभीच दोरा बांधून राखावीत, आणि पूर्ण वाळल्यावर त्यांचे बी कोरड्या जागी ठेवावे. संकरित बियाण्याच्या झाडापासून मात्र पुन्हा तसेच फूल मिळेल, असा भरवसा धरू नये.